मेपल सिरपच्या तळाशी खडे, गळ्याशी बुरशी: दरवर्षी तेच का होतं?

जूनमध्ये फळीवरून सिरपच्या दोन बाटल्या काढल्या. एकीच्या तळाशी खडीसाखरेसारखे स्वच्छ, टोकदार खडे जमले होते. दुसरीचं झाकण उघडलं तर वर करड्या-पांढऱ्या बुरशीचा पातळ पापुद्रा. दोन्ही बाटल्या एकाच मार्चमधल्या, त्याच नऊ झाडांच्या रसाच्या, त्याच पातेल्यात आटवलेल्या. दोन्ही वेळा थर्मामीटरवर १०३ अंश सेल्सिअस बघूनच पाक उतरवला होता. खडे म्हणजे पाक जास्त आटला, बुरशी म्हणजे कमी आटला. मग एकाच आकड्यावर दोन्ही कसं होईल? हे कोडं सुटायला मला चार हंगाम लागले. कॅनडात किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात अंगणातल्या मेपलला बादल्या लावणाऱ्या मराठी घरांतून आता हाच प्रश्न मला विचारला जातो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आम्ही दक्षिण ओंटारिओत, वॉटर्लूजवळ राहतो. घरामागे नऊ शुगर मेपल आहेत, त्यांच्या खोडांना पाडलेल्या छिद्रांखाली मिळून १२ बादल्या. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा हा आमचा हंगाम. रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा चार-पाच अंश वर, असं हवामान असलं की रस वाहतो. एका छिद्रातून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळतो आणि त्याचं लिटरभर सिरप होतं. म्हणजे घरच्यासाठी आणि वाटायला १०-१२ लिटर. एवढ्याशा सिरपसाठी रात्ररात्र चुलीपुढे बसायचं आणि त्यातल्या निम्म्या बाटल्या पावसाळ्यापर्यंत बिघडायच्या, हे फार जिवाला लागतं.

आधी तळाशी काय आहे ते ओळखा

बाटलीच्या तळाशी काही बसलं की लोक लगेच 'साखर झाली' म्हणतात. नेहमीच तसं नसतं. मेपलच्या रसात कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल असतं. रस आटत गेला की त्यांचा क्षार, कॅल्शियम मॅलेट, बारीक वाळूसारखा बाहेर पडतो. इथले लोक त्याला शुगर सँड म्हणतात, पण नावात साखर असली तरी ती साखर नव्हे. ती तपकिरी-पांढरट, पिठूळ असते आणि दाताखाली कचकचते.

परीक्षा सोपी आहे. तळातलं चमचाभर काढून कपभर गरम पाण्यात ढवळा. सगळं विरघळलं तर साखरेचे खडे, म्हणजे पाक दाट झाला. गढूळपणा तसाच राहिला आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसला तर ती वाळू, म्हणजे गाळणं कमी पडलं. वाळूने सिरप बिघडत नाही. बाटली आठवडाभर न हलवता ठेवा, वरची निवळ अलगद दुसरीकडे ओता, की झालं. कोल्हापूरकडे काकवी भरायच्या आधी आठ-दहा दिवस स्थिर ठेवून निवळू देतात, तीच पद्धत.

उरले दोन खरे दोष, साखरेचे खडे आणि बुरशी. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: पाक नेमका कधी उतरवला.

जागा किती अरुंद आहे

२० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. वजनाने बघितलं तर द्रावणात ६७ टक्के साखर. याहून जास्त साखर त्या पाण्यात राहू शकत नाही, ती खड्यांच्या रूपाने बाहेर येणार. आणि साखर याहून बरीच कमी असली की पाणी मोकळं उरतं, त्यावर बुरशी आणि यीस्ट जगतात. सिरपची जागा या दोन्हींच्या मधोमध आहे. साखरेचं हे प्रमाण ब्रिक्समध्ये मोजतात. कॅनडाच्या नियमात सिरप ६६ ते ६८.९ ब्रिक्स असावं लागतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात किमान मर्यादा आणखी कडक, ६६.९. आपल्याला विकायचं नसलं तरी हे आकडे सरकारी हट्ट म्हणून सोडून देऊ नयेत. साखर आणि पाणी यांच्या स्वभावातूनच ते आलेले आहेत.

आता हे थर्मामीटरच्या भाषेत बघा. पाक जसा दाट होतो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. ६६ ब्रिक्सचा पाक साध्या पाण्यापेक्षा साधारण चार अंश वर उकळतो. ७० ब्रिक्सचा पाक पाच अंश वर. म्हणजे ६६ ते ६८.९ ही सगळी जागा थर्मामीटरवर एका अंशाहूनही कमी आहे. अर्धा अंश इकडे-तिकडे झाला की दोन ब्रिक्स हलले. स्वयंपाकघरातल्या साध्या थर्मामीटरवर अर्धा अंश म्हणजे काटा कोणत्या बाजूने बघितला त्याचा फरक.

शिवाय हे सगळं शेवटच्या काही मिनिटांत घडतं. दिवसभर ४० लिटर रस आटवताना पंधरा मिनिटं पुढे-मागे झाली तरी बिघडत नाही. पण पातेल्यात तीन-चार लिटर उरले की प्रत्येक मिनिटाला पाक दाट होत जातो.

पहिल्या तीन वर्षांत माझं काय चुकत होतं

पहिल्या वर्षी मला सांगितलं गेलं होतं की सिरप १०४ अंशांना होतं. हे वाक्य अर्धंच खरं आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, त्यात चार मिळवून कुणीतरी १०४ सांगितलं आणि तो आकडा घरोघरी फिरला. आमचं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे. उंची साधारण ३०० मीटर वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. म्हणजे आमच्याकडे पाणी ९९ च्या आसपास उकळतं आणि सिरप १०३ च्या आसपास होतं. मी १०४ पर्यंत वाट बघत होतो, म्हणजे ७० ब्रिक्स. त्या वर्षीच्या जवळजवळ प्रत्येक बाटलीत खडे झाले.

दुसऱ्या वर्षी हिशेब करून १०३ ठरवला आणि प्रश्न मिटला असं समजलो. त्याच वर्षीच्या त्या दोन बाटल्या. कारण उत्कलनबिंदू फक्त गावाच्या उंचीवर ठरत नाही, त्या दिवशीच्या हवेच्या दाबावरही ठरतो. आणि मेपलचा हंगाम म्हणजे नेमका दाब वर-खाली होण्याचा काळ. निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या दिवशी दाब जास्त असतो. वादळ यायच्या आधी, ओल्या बर्फाच्या दिवशी तो खाली जातो. माझ्या वहीत एकाच हंगामातल्या नोंदी आहेत: साधं पाणी एका दिवशी ९८.२ ला उकळलं, दुसऱ्या एका दिवशी ९९.४ ला. निरभ्र दिवशी १०३ ला उतरवलेला पाक फक्त ३.६ अंश वर होता, म्हणजे पातळ. त्याला बुरशी आली. वादळी दिवशी तोच १०३ चा आकडा ४.८ अंश वर होता, म्हणजे दाट. त्यात खडे झाले.

तेव्हा मला आमच्या गावाकडचं गुऱ्हाळ आठवलं. आजोबांकडे पन्हाळ्याच्या बाजूला ऊस असायचा आणि हंगामात चुलवाणावर काहील चढायची. गुळव्याकडे थर्मामीटर नव्हता. तो काहिलीतल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळायचा आणि मग काहील उतरवायला सांगायचा. लहानपणी मला ती अंदाजपंचे गोष्ट वाटायची. पण थंड पाण्यातली गोळी हवेच्या दाबाने बदलत नाही. गुळव्या पाकाला विचारत होता आणि मी थर्मामीटरला विचारत होतो. थर्मामीटरला पाकाइतकंच आकाशही उत्तर देत असतं.

तिसऱ्या वर्षी हायड्रोमीटर आणला, म्हणजे पाकात तरंगणारी, रेघा आखलेली काचेची नळी. तो घनता मोजतो, दाबाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही त्या वर्षी सहा बाटल्यांना बुरशी आली. ती कथा पुढे.

आता मी काय करतो

आटवायला बसायच्या आधी छोट्या भांड्यात साधं पाणी खळखळून उकळतो. त्यात तोच थर्मामीटर, ज्याने पुढे पाक मोजायचा आहे. आकडा वहीत लिहितो. त्यात ४.१ मिळवले की तो त्या दिवसाचा उतरवण्याचा आकडा. यातच थर्मामीटरची चूकही आपोआप वजा होते. थर्मामीटर एक अंश जास्त दाखवत असेल तर तो पाण्यातही तेवढंच जास्त दाखवतो आणि पाकातही. फरक तोच राहतो. म्हणून महागडा थर्मामीटर नसला तरी चालतो, फक्त तो दशांश दाखवणारा असावा.

दिवस लांबला आणि हवा बदलली, वारा फिरला, बर्फ पडायला लागला, तर पाणी पुन्हा उकळून बघतो. सकाळी काढलेला आकडा रात्री अकराला धरू नये. सहा-आठ तासांत दाब इतका हलू शकतो की खडे किंवा बुरशी, दोन्हींपैकी एक पक्कं. हवामानाच्या ॲपवरचा दाब बघून हिशेब करू नका. तो समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो, तुमच्या अंगणातला नसतो. पाणी उकळणं दोन मिनिटांचं काम आहे.

थर्मामीटरचं टोक कुठे आहे हेही बघावं लागतं. ते पातेल्याच्या बुडाला टेकलं तर ज्योतीची उष्णता मोजली जाते. पाक दोन बोटं खोल राहिला असेल तर टोक पुरतं बुडत नाही. म्हणून शेवटचा टप्पा मी बाहेरच्या पसरट कढईत करत नाही. बाहेर लाकडाच्या चुलीवर पाणी + ३ अंशांपर्यंत आणतो, मग सगळा पाक उंच, अरुंद पातेल्यात ओतून गॅसवर पुरा करतो. एका वेळी किमान तीन-चार लिटर. कमी असेल तर शीतकपाटात ठेवून पुढच्या फेरीच्या पाकात मिसळतो. (सगळा रस घरातच आटवायचा मोह होतो. तसं करू नका. ४० लिटरमधलं ३९ लिटर पाणी वाफ होऊन भिंतींत मुरतं.)

फेसाने आकडा फसवतो, म्हणून फेस चढला की लोण्याचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकतो आणि तो क्षणात बसतो. इथले जुने लोक चुलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवायचे, फेस त्याला लागला की खाली बसायचा. आपल्याकडे गुऱ्हाळात याचसाठी काहिलीत एरंडेल टाकतात. तेलाचा थेंब फेसाची कातडी फोडतो, मग तो रस उसाचा असो की मेपलचा.

डोळ्यांनी बघायची खूणही आहे. पसरट उलथनं पाकात बुडवून आडवं उचला. पाक पातळ असेल तर सुटे थेंब गळतात. होत आला की दोन-तीन थेंब कडेला एकत्र येतात आणि पदरासारखे एकसंध लोंबून मग तुटतात. ही खूण मी इशारा म्हणून वापरतो, निकाल म्हणून नाही. पदर दिसायला लागला की गॅस मंद करून हायड्रोमीटर हातात घेतो. एक सावधगिरी: आपल्या घरांत पाक म्हटलं की बोटं एकतारी शोधतात. मेपलला एकतारीची वाट बघू नका. ती स्पष्ट दिसेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो. पहिल्या वर्षी १०४ च्या जोडीला हेही माझं चुकलंच होतं.

हायड्रोमीटर घेतला, तरीही बुरशी का?

आता तिसऱ्या वर्षाच्या सहा बाटल्या. सिरपच्या हायड्रोमीटरवर दोन रेघा असतात, एक गरम पाकासाठी आणि एक गारसाठी. गरम रेघ ५९ ब्रिक्सजवळ असते आणि ती पातेल्यातून नुकत्याच काढलेल्या, ९९-१०० अंशांच्या पाकासाठी आखलेली असते. तोच पाक गार झाला की ६६.९ दाखवतो. गरम पाक विरळ असतो, त्यात काचेची नळी खोल बुडते, म्हणून रेघ वेगळी.

मी काय करत होतो? पाक आधी गाळत होतो, मग उंच पेल्यात ओतून हायड्रोमीटर सोडत होतो. गाळायला दहा-पंधरा मिनिटं जायची, पाक ८२ अंशांवर यायचा, पेला गार असायचा. नळी गरम रेघेवर तरंगली की मी 'झालं' म्हणायचो. पण ८२ अंशांच्या पाकाने गरम रेघ दाखवली तर तो प्रत्यक्षात दीडेक ब्रिक्सने कमी असतो. ६७ समजून मी ६५ भरत होतो. त्या सहाही बाटल्या आधी गाळून मग मोजलेल्या फेऱ्यांतल्या निघाल्या.

म्हणून क्रम बदलला. मोजायचा पेला आधी उकळत्या पाण्याने गरम करतो. पाक उकळता असतानाच पेल्यात काठोकाठ ओततो आणि लगेच, म्हणजे दोन-चार सेकंदांत, वाचतो. मग गाळतो. नळी पेल्यात सोडताना हाताने धरून उतरवा. पाक अजून पातळ असेल तर ती थेट तळावर आपटते आणि काच फुटते. माझी एक तशी गेली आणि चार लिटर पाक टाकून द्यावा लागला, कारण काचेचा कण गाळण्यातून गेला नसेल याची खात्री देता येत नाही.

हायड्रोमीटर चुकतो तो आणखी एका कारणाने, आणि ते हंगामाच्या शेवटी दिसतं. आधी सांगितलेली वाळू नळीवर चढते. पातळ, पांढरट थर, सहज नजरेस पडत नाही. त्याच्या वजनाने नळी जरा जास्त बुडते आणि पाक आहे त्यापेक्षा पातळ दाखवते. आपण आणखी आटवतो, आणि खडे होतात. चौथ्या वर्षी एप्रिलच्या बाटल्यांतच खडे आले, मार्चच्या बाटल्यांत नाहीत, तेव्हा हे ध्यानात आलं. आता प्रत्येक फेरीनंतर नळी गरम पाण्याने धुतो आणि आठवड्यातून एकदा तासभर व्हिनेगरमध्ये ठेवतो. आतली कागदी पट्टी घसरली आहे का तेही बघावं. काचेवर खूण कोरलेली असेल तर पट्टी तिच्याशी जुळते का ते तपासा, नसेल तर नवी आणल्याच्या दिवशी स्वतःच एक बारीक खूण करून ठेवा.

थर्मामीटर आणि हायड्रोमीटर, दोन्ही वापरा. एकमेकांशी जुळले तर उतरवा. जुळले नाहीत तर पाणी पुन्हा उकळा आणि नळी धुवा. बहुतेक वेळा त्या दोनांतच चूक सापडते.

घनता बरोबर असूनही बुरशी

हेही होतं, आणि तेव्हा दोष भरण्यात असतो. बिघडलेल्या बाटलीतलं सिरप गार असताना हायड्रोमीटरने मोजून बघा. ६६ च्या वर निघालं तर आटवणं बरोबर होतं, बाटली चुकली.

सिरप ८२ ते ८५ अंशांवर असताना भरायचं. त्याहून गार भरलं तर झाकणावरचे आणि गळ्यातले बीजाणू मरत नाहीत. त्याहून फार गरम, ९० च्या पुढे, पुन्हा तापवलं तर गाळलेल्या पाकात नवी वाळू तयार होते आणि गाळण्याची मेहनत वाया जाते. म्हणून गाळताना पाक गार होऊ न देणं हेच खरं काम आहे. मी सुळकेदार जाड गाळणीच्या आत कागदी पातळ गाळण्या ठेवतो. दोन्ही आधी उकळत्या पाण्यात भिजवून, न पिळता निथळवून. पिळलं की धागे ताणले जातात. पहिली कागदी गाळणी वाळूने बंद झाली की ती उचलायची, खालची मोकळी असते.

बाटलीत वर फार जागा सोडू नका. गरम सिरपची वाफ त्या मोकळ्या जागेत साचते, गार झाली की पाण्याचे थेंब होऊन सिरपवर उतरतात. तळाचं सिरप ६७ ब्रिक्स असलं तरी वरचा पातळ थर पाणीदार होतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. गळ्यापर्यंत भरा, झाकण लावा आणि बाटली दोन-तीन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे गरम सिरप झाकणाच्या आतून फिरतं. मग उभी करून बाटल्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून गार होऊ द्या. मी सुरुवातीला त्या खोक्यात एकमेकींना चिकटवून ठेवायचो. मधल्या बाटल्या तासन्‌तास तापलेल्या राहायच्या आणि सिरप काळपट व्हायचं.

उघडलेली बाटली शीतकपाटातच. तिथे तळाशी दोन-चार खडे आले तर घाबरू नका, गार पाण्यात साखर कमी मावते, एवढंच.

बिघडलं आहे, आता काय?

खडे असतील तर काहीच वाया गेलेलं नाही. खड्यांवरचं पातळ सिरप खरं तर आता बरोबर घनतेवर आलेलं असतं, जादा साखर खाली बसून गेली. ते तसंच ओतून घ्या. खडे ही मेपलची खडीसाखर, मुलांच्या हाती जास्त वेळ टिकत नाही. सगळं पुन्हा एकजीव करायचं असेल तर बाटली गरम पाण्यात ठेवून खडे सोडवा आणि पातेल्यात घ्या. ७० ब्रिक्सचं सिरप ६७ वर आणायला किलोमागे ४५ ग्रॅम पाणी लागतं, ७२ चं असेल तर ७५ ग्रॅम. ८५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा भरा. पाण्याऐवजी ताजा रस असेल तर आणखी चांगलं.

पातळ आहे पण अजून बुरशी नाही, हे वेळेत कळलं तर पुन्हा आटवा. त्यात नवी वाळू येणारच, म्हणून पुन्हा गाळा. मे महिन्यात मी प्रत्येक फेरीतली एक बाटली उघडून गार मोजतो, ते याचसाठी. बाटलीवर फेरीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असली की एक पातळ निघाली तर तिच्या बहिणी कुठल्या ते कळतं.

बुरशी आली असेल तर मी ती बाटली टाकून देतो. इथल्या जुन्या पिढीत वरचा पापुद्रा काढून, पाक उकळून वापरायची रीत आहे. आमच्या शेजारच्या मेनोनाइट (एका जुन्या ख्रिस्ती पंथातल्या) आजी आजही तसं करतात आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण बुरशीने पाकात सोडलेलं विष उकळून जाईलच असं नाही, आणि घरात लहान मुलं आहेत. आंबूस वास येत असेल, झाकण फुगलं असेल, उघडताना फस्स आवाज आला असेल, तर चवही बघू नका.

सायट्रिक आम्ल घातलं तर खडे होणार नाहीत ना, असं काही जण विचारतात. काकवीत ते घालतात हे खरं आहे. आम्लाने थोडी साखर फुटते आणि फुटलेली साखर खडे होऊ देत नाही. पण शुद्ध मेपल सिरप म्हणून जे द्यायचं, त्यात काही मिसळायचं नसतं. घरच्यासाठीही मी घालत नाही. घनता बरोबर असली की गरजच पडत नाही.

शेवटच्या रसाबद्दल

एप्रिलमध्ये झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की रसाला एक उग्र वास येतो, आटवल्यावर तो जास्त कळतो. इथे त्याला बडी म्हणतात. त्या दोषाला घनतेचा उपाय नाही. बादल्या उतरवायच्या, छिद्रं तशीच सोडून द्यायची, झाड ती स्वतः भरून काढतं. उबदार दिवसांत बादलीतला रस दुधासारखा पांढुरका दिसायला लागला तर तोही टाकून द्यावा. रस ही दुधासारखीच नाशवंत गोष्ट आहे. मी तो बर्फात पुरलेल्या पिंपात ठेवतो आणि दोन दिवसांच्या आत आटवतो.

या भूमीवरच्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांनी आमच्या कितीतरी आधी हा रस आटवला, आणि ते तो बहुतेक सिरपच्या पुढे नेऊन कोरडी साखरच करत. ती बर्चच्या सालीच्या डब्यांत वर्षभर राहायची. बंद झाकणाच्या बाटल्या नसताना पातळ पाक टिकवणं अवघड, साखर मात्र टिकते. आपल्या गुळाचंही तेच आहे. मला हे कळल्यापासून ज्या फेरीत पाक चुकून ७२ च्या पुढे जातो, ती मी परत पातळ करायला जात नाही. १२५ अंशांच्या आसपास नेतो, थोडा निवू देतो आणि लाकडी डावाने घोटतो. पाक मळकट होतो, घट्ट होतो आणि मग एका क्षणी कढईत रवाळ साखर मोकळी होते. गेल्या हंगामात अशी एकच फेरी झाली. बाकीच्या ११ लिटरमधल्या बाटल्या फेब्रुवारीपर्यंत पुरल्या, एकीतही खडे नव्हते, एकीतही बुरशी नव्हती. आज सकाळी पाणी ९८.७ ला उकळलं आहे.